माझं लक्ष नव्हतं

नागपूर, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मानंद,

(पहिला शब्द आक्षेपार्ह वाटला तर खोडून पुढे वाच.)

एका खुर्चीविरुद्ध माझी तक्रार आहे. ती ऐकून घेणारं सध्या त्रिभुवनात कोणी नाही, म्हणून तुझ्या दरबारात आणतो आहे. सदर खुर्ची प्लास्टिकची असून तिच्या उजव्या हाताला लिहिण्यासाठी एक फळी जोडलेली आहे. फळी वर उचलायची, आत बसायचं, मग फळी खाली पाडायची, असा विधी. तो एकोणीस वर्षांच्या पोरांसाठी रचला असावा. माझ्या बाबतीत फळी खाली येते ती पोटावर येऊन थांबते आणि तिरकी राहते. तिच्यावर ठेवलेलं पेन घरंगळून मांडीवर, मांडीवरून जमिनीवर. उचलायला वाकावं तर फळी बरगडीत. दोन आठवड्यांत हे सोळा वेळा झालं. मी मोजतो, कारण वर्गात बाकी फारसं काही कळत नाही.

वर्ग कसला ते राहिलंच. इंग्रजीचा. हसून घे. चोपन्नाव्या वर्षी मी बर्डीवर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते साडेसात इंग्रजी शिकतो. आमच्या शाळेत नववीला संस्कृत घेणारी आठ मुलं उरली आहेत. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "सर, तुमचा कार्यभार भरत नाही. अतिरिक्त ठरायचं नसेल तर जूनपासून पाचवी-सहावीचं इंग्रजी घ्या." मी म्हटलं, बरं. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "एकोणतीस वर्षं शिकवलंत, आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?" मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मुख्याध्यापकांनी दिलेला चहा गार होता, तेवढं वाटलं होतं.

तुझा पत्ता सरिताने दिला. तुझी बहीण शिक्षण खात्याच्या कचेरीत आमच्या शाळेच्या पगारबिलांच्या टेबलावर बसते, हे मला दोन वर्षं माहीत होतं. या दोन वर्षांत मी बिलं शिपायाकरवी पाठवत होतो. यंदा शिपाई रजेवर होता. फोन नंबर मागितला तर म्हणाली, "नंबर त्याले विचारल्याबिगर नाही देत मी, मुकुंदभाऊ. पत्ता घ्या. लिहाचं असन त लिहा, पण उत्तराची वाट नका पाहू." मी "काहून?" असं विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

विद्यापीठात आपल्या संस्कृत विभागात १९९५ साली जे झालं, त्याविषयी मी या पत्रात लिहिणार नाही. इंग्रजीविषयी लिहीन. गुवाहाटीत रेल्वेच्या कचेरीत बसून तू लोकांना हिंदी शिकवतोस म्हणे. तेव्हा एक शिकवणारा आणि एक शिकणारा, एवढं नातं पत्रापुरतं चालेल.

फळीखालून,
मुकुंद


१९ नोव्हेंबर

धम्मानंद,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं असावं.

वर्गाची ओळख करून देतो. शिकवणाऱ्या मयुरा मॅडम. वय अठ्ठावीस. मला काका म्हणतात, आणि माझी चूक सांगताना स्वतःच ओशाळतात. माझ्या डाव्या हाताला बबनराव, काटोलचे संत्र्यांचे व्यापारी. सून बंगळुरूची, घरात इंग्रजी बोलते. "ते काय म्हणून राहिली समजत नाही गा मास्तर. मी आपला येस म्हणतो. मागच्या महिन्यात येस म्हटलं त घरात कुत्रा आला." उजव्या हाताला मनकर्णाबाई. माहेर उमरेडचं, विणकरांचं. माग केव्हाच विकले. नवरा गेल्यावर महाल भागात दिराच्या घरी मागच्या खोलीत राहून कॉलेजच्या मुलींचे डबे करतात. त्यांना मुलींच्या एका वसतिगृहात वॉर्डनची जागा मिळू शकते. मुली दूरदूरच्या, म्हणून इंग्रजी हवं, आणि आमच्या वर्गाचं प्रमाणपत्र तिथे चालतं. नोकरीबरोबर राहायला खोली आहे. दिराला त्याची खोली नव्या वर्षात मुलाच्या लग्नासाठी हवी आहे. हे त्यांनी पहिल्याच दिवशी "स्वतःविषयी पाच वाक्यं" या पाठात सांगितलं. पाचांत सात चुका होत्या, पण अर्थ पोचला. माझी पाच वाक्यं निर्दोष होती. त्यातलं एक होतं, "माझ्याकडे छत्री आहे."

आता आम्ही एक लघुकथा वाचतो आहोत. झेरॉक्स काढताना वरचा भाग कापला गेला, त्यामुळे कथेचं नावही नाही आणि लेखकही नाही. कथा अपौरुषेय आहे. मी पहिल्याच दिवशी तिला नमस्कार केला.

गोष्ट एवढीच. कुठल्याशा थंड देशात एक म्हातारा राहतो. शेजारी मरतो. शेजाऱ्याचं घर रिकामं आहे, तिथे कोणी येत-जात नाही. तरी हा म्हातारा रोज सकाळी फावडं घेऊन शेजाऱ्याच्या दारापुढची वाट साफ करतो, बर्फ बाजूला टाकतो. सगळा हिवाळा. कोणी विचारत नाही, तो सांगत नाही. संपली. मॅडमचा प्रश्न: तो असं का करतो?

मी आपल्या पद्धतीने गेलो. पदच्छेद केला, अन्वय लावला, कोण, काय, कोणासाठी, कुठे, हे सगळं एकेका वाक्याला विचारलं. मग समासात टीका लिहिली. पूर्वपक्ष असा की सवय. त्याचं खंडन. रस करुण, स्थायीभाव शोक, बर्फ हा उद्दीपन विभाव.

"काका, बर्फ काय म्हणालात?"

"उद्दीपन विभाव."

"म्हणजे सिम्बॉल का?"

"नाही."

"मग?"

"थंडी," मी म्हटलं, कारण सोपं करून सांगायची विनंती होती.

बबनराव म्हणाले, "बर्फ पडला त हटवा लागते न मॅडम. एवढं काय विचाराचं त्यात?" मॅडम हसल्या. मग मला म्हणाल्या, "काका, तुमचं सगळं बरोबर असेल. पण वाचून तुम्हाला काय वाटलं?" मी पानं उलटून पाहिली. मला काय वाटलं ते मी कुठे लिहिलं नव्हतं.

तेव्हा मनकर्णाबाई बोलल्या. इंग्रजीत सुरुवात केली, अडकल्या, मग मराठीत आल्या. "मॅडम, शेजारी जित्ता होता तेव्हा यानं एक दिवसही बर्फ नसन हटवला. खिडकीतून पाह्यत असन, तो बिचारा एकटाच फावडं मारून राहिला ते. आता तो नाही. थँक्यू म्हणणारं कोणी नाही, न काल काहून नाही आला म्हणून विचारणारंही कोणी नाही. म्हणून जमून राहिलं याले."

मॅडमनी सांगितलं, हेच लिहून आणा, एक पान, इंग्रजीत. सगळ्यांनी. प्रमाणपत्रासाठी हेच पान धरलं जाईल. कोणाची मदत नाही, मोबाईल नाही.

मी घरी येऊन कथा परत वाचली. शेजारी जिवंत असतानाचं एकही वाक्य तिच्यात नाही. बाईंनी ते स्वतः घातलं. आपल्याकडे टीकाकाराला एवढी मुभा नसते. तरी मी अजून त्याचं खंडन लिहू शकलेलो नाही.

मुकुंद


२६ नोव्हेंबर

धम्मानंद,

सरिता म्हणाली, पत्रं पोचली. पुढे म्हणाली, "उघडली का ते नका विचारू." विचारलं नाही. ती टेबलावरून उठून आतल्या खोलीत जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

थंडी पडली आहे. आई मार्चमध्ये गेली. हे सांगायला हवं होतं, सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत स्मृती शाबूत होती. "तो धम्मा पत्र का टाकत नाही रे?" असं अधूनमधून विचारायची. मी सांगायचो, कामात असतो. तीस वर्षं तू कामात होतास. दहाव्याला गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मी त्यांचे उच्चार दुरुस्त करत होतो. तेराव्यालाही बायकोने विचारलं होतं, "तुम्हाला काहीच वाटलं नाही?" मग तिने माझ्या ताटात श्रीखंड वाढलं.

वर्गाचं सांगायचं तर निबंध लिहून झाले. शुक्रवारी मी शाळेतून थेट जातो म्हणून पाचलाच पोचलो. मनकर्णाबाईही दुपारचे डबे आटोपून लवकर येतात. बाई खिडकीपाशी बसून लिहीत होत्या. वहीचं पान, निळं पेन, मोबाईल पिशवीत. एक वाक्य लिहायच्या, खोडायच्या, ओठ हलवत मोठ्याने म्हणून पाहायच्या, परत लिहायच्या. पाऊण तास. मग माझ्याकडे आल्या. "गुरुजी, जरासं पाहता का? चुका असतीन."

होत्या. चोवीस. मी व्याकरणाचं पुस्तक दिवाळीच्या सुटीत पाठ केलं आहे, तुला माझा स्वभाव माहीत आहे. नियम आणि अपवाद, अपवादाचे अपवाद. शिक्षण मिळाल्यावर माणसाला ते वापरायची खाज सुटते. मी एकेक चूक धरली. क्रियापदं नीट केली, जिथे छोटे शब्द गळले होते तिथे घातले. वाक्यं तीच, विचार तोच, नुसती इस्त्री केली. बाईंनी बसून सुवाच्य अक्षरात नवी प्रत काढली. जुनी प्रत बाईंनी चुरगाळून खाली टाकली, आणि मी ती उचलून कचऱ्याच्या डब्यात घातली, कारण वर्ग स्वच्छ असावा.

काल निबंध परत मिळाले. वर्गात थोडा गोंधळ झाला. विशेष काही नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून १९९५ चं एकच सांगतो. त्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत मी काही बोललो नाही, हे खरं. पण माझ्या बोलण्याने काही बदललं असतं, असं मला तेव्हा वाटत नव्हतं. माणूस गप्प राहतो त्याला नेहमी कारण असतंच असं नाही.

थंडीने बोटं आखडली आहेत, इथे थांबतो.

मुकुंद


३ डिसेंबर

धम्मानंद,

मागच्या पत्रात "विशेष काही नाही" असं लिहिलं. ते असं होतं.

मयुरा मॅडमनी निबंध वाटले. बबनरावांना म्हणाल्या, छान प्रयत्न. मला म्हणाल्या, "काका, उत्तम." मनकर्णाबाईंचा कागद हातात ठेवला आणि दिला नाही.

"ताई, रागावू नका. हे तुम्ही लिहिलेलं नाही."

"मीच लिहिलं मॅडम."

"यात एकही चूक नाही, ताई. मागच्या आठवड्यात साध्या वाक्यात तीन चुका व्हायच्या तुमच्या. मी तपासणीच्या ॲपमध्ये टाकून पाहिलं. ते म्हणतं, चौऱ्याण्णव टक्के मशीनने लिहिलंय. मोबाईलवरून उतरवलं असेल तर सांगून टाका, मी पुन्हा संधी देईन."

"मोबाईल त पिशवीत होता."

मॅडम वाईट नाहीत, धम्मा. आवाज खाली होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी न्याय करायचा प्रयत्न केला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही दोघं लवकर येता ना? शुक्रवारी ताई कशा लिहीत होत्या, तुम्ही पाहिलं असेल."

मी म्हटलं, "मी माझं लिहीत होतो. माझं लक्ष नव्हतं."

आवाज नेहमीचा होता. मला तो ऐकू आला. वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण होतं.

बबनरावांना काहीतरी वाटलं असावं. ते म्हणाले, "अहो मॅडम, त्या दिवशी तोंडी बोलल्या न बाई तेच. तेव्हा कुठं मशीन होती?" मॅडम म्हणाल्या, विचार त्यांचा असेल, पण लेखनाचं प्रमाणपत्र आहे. मनकर्णाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. डब्यात भाजी पुरेल का, हे पाहतात तसं. मग म्हणाल्या, "राहू द्या मॅडम," आणि पिशवी उचलली.

तुला प्रश्न पडेल की बाईंनी माझं नाव का घेतलं नाही. मलाही पडला. "गुरुजींनी तपासून दिलं," एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

मी का खोटं बोललो याची कारणं मी लिहून काढली. एक, मदत करायची नाही असा नियम होता. दोन, एकोणतीस वर्षं मी मुलांना याच गुन्ह्याबद्दल वर्गाबाहेर उभं करतो आहे. तीन, जूनपासून मला इंग्रजी शिकवायचं आहे आणि माझंही प्रमाणपत्र याच मॅडमच्या सहीचं असणार. तीनही कारणं खरी आहेत. पण प्रश्न आल्यावर माझ्या मनात यातलं एकही नव्हतं. मनात काहीच नव्हतं. नुसतं वाक्य तयार होतं.

गेल्या दोन वर्गांना मनकर्णाबाई आल्या नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे. बबनराव तिच्यावर आपली पिशवी ठेवतात.

मुकुंद


१३ डिसेंबर

धम्मानंद,

हे लांबेल. अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद आहेत, बर्डीकडून घरी यायला फेरा पडतो, आणि चालताना मनात पत्र जुळत जातं.

गेल्या रविवारी मी महालात मनकर्णाबाईंकडे गेलो. मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. बाई पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "बसा गुरुजी. जेवूनच जा." नाही म्हणता आलं नाही. ताट आलं. वरण, भात, वांग्याची भाजी, ठेचा. मी जेवलो. मला सांगायचं होतं, आणि घास तोंडात होता, आणि घास संपला की दुसरा घेत होतो.

बाईच बोलल्या. "तुम्ही सांगतलं असतं त तुमचंच नाव खराब झालं असतं. मास्तर माणूस तुम्ही. मले समजते."

मी विचारलं, वसतिगृहाचं काय झालं?

"बुधवारपर्यंत कागद आणून द्या म्हणे. नाही त दुसरी बाई पाहतीन." आणि तव्यावरची पोळी उलटली. "पोळी वाढू अजून?"

मी म्हटलं, अर्धी.

म्हणजे मला बुधवार माहीत होता. हे मुद्दाम लिहितो. मंगळवारी वर्ग होता. मंगळवारी मी बोलायचं ठरवलं होतं, वाक्यही जुळवलं होतं, इंग्रजीत. त्या दिवशी बबनराव काटोलहून टोपलीभर संत्री घेऊन आले. त्यांची सून कुत्र्याशी मराठीत बोलायला लागली म्हणून आनंद झाला होता. "कुत्र्याले समजते त मले काहून नाही समजणार," म्हणाले. सगळे हसले. सगळ्यांनी संत्री खाल्ली. मॅडमनी सालं गोळा करायला वर्तमानपत्र पसरलं. मी दोन खाल्ली. साडेसात वाजले. घरी आलो.

बुधवार गेला. गुरुवार गेला.

काल शुक्रवारी वर्ग सुटल्यावर मॅडम फळा पुसत होत्या. मी मराठीत सांगितलं. निबंध मनकर्णाबाईंचा आहे. त्यांनी माझ्यासमोर लिहिला. त्यात चोवीस चुका होत्या, त्या मी काढल्या. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

मॅडम डस्टर हातात धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तेव्हाच सांगायचं ना." बस. ओरडल्या नाहीत, मला वर्गातून काढलं नाही. उलट त्यांचेच डोळे भरले, मी ॲपवर कसा विश्वास ठेवला म्हणाल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. सुरू केलं तेव्हा सात सदतीस होते. संपलं तेव्हा सात अडतीस.

त्यांनी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला, स्पीकरवर. माफी मागितली. म्हणाल्या, ताई, आजच प्रमाणपत्र देते, मी स्वतः घेऊन येते.

"आता काय करू त्याचं मॅडम," मनकर्णाबाई म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "ते जागा भरली न बुधवारीच. भंडाऱ्याची कोणी बाई लागली."

"ताई, मी त्यांच्याशी बोलू का?"

"नका. त्या बाईनं सामान आणलं असन आता." आणखी एक शिट्टी झाली. "गुरुजी आहेत का तिथं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि फोन ठेवला.

दिराकडची खोली जानेवारीत सोडायची आहे. पुढे कुठे जाणार ते मी विचारलं नव्हतं, आता विचारायला मला तिथे जाता येणार नाही. मॅडमनी प्रमाणपत्र लिहून ठेवलं. टेबलावर आहे.

मागच्या पत्रांत मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. विभागप्रमुखांच्या खोलीत मी गप्प होतो, असं लिहिलं. ते खरं नाही.

तू ती बारा पानं आमच्या घरी, आमच्या ओसरीवर लिहिलीस. तीन दिवस. अनुमानावरचा निबंध, सबंध संस्कृतात, शिष्यवृत्तीसाठी. आई तुला मधून मधून ताक आणून द्यायची आणि मी शेजारी बसून माझा निबंध लिहीत होतो, जो तुझ्यापेक्षा वाईट होता, हे मला तिसऱ्या पानालाच कळलं होतं. मग विभागप्रमुख सरांनी आपल्या खोलीत तुझी पानं हातात घेतली आणि म्हणाले, "एकही स्खलन नाही. इतकं निर्दोष संस्कृत तुझं असणं शक्य नाही. कोणी लिहून दिलं?" तुझं का शक्य नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, खोलीतल्या सगळ्यांना तुझी वस्ती आणि तुझं आडनाव माहीत होतं. तू म्हणालास, "मीच लिहिलं, सर." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हसलो. मान खाली घालून, ओशाळल्यासारखा, कोणी पाठ थोपटल्यावर हसतात तसा. सरांनी ती लिहून दिल्याची कबुली मानली. मी ती तशी समजू दिली. "मित्रासाठी केलंस, पण हे योग्य नाही," असं ते मला म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. पंधरा दिवसांनी शिष्यवृत्ती माझ्या नावावर आली. तू त्याच आठवड्यात विभाग सोडलास. ती शिष्यवृत्ती मी वर्षभर घेतली आणि प्रबंधाचं एक प्रकरण लिहिलं नाही. मग शाळेत लागलो.

तेव्हाही एका मिनिटाचं काम होतं. सर माझ्यावर चिडले असते, किंवा नसते. तीस वर्षं मी असं धरून चाललो की त्या मिनिटात काहीतरी फार मोठं होतं, जे मला पेललं नसतं. काल पाहिलं. त्यात काही नव्हतं.

तुझी माफी मागायला मी ही पत्रं सुरू केली, हे तू पहिल्या ओळीतच ओळखलं असशील. मागतो. माझं चुकलं. तू उत्तर देऊ नकोस, सरिताला काही विचारायला लावू नकोस. पण माफी मागताना माणसाला जे व्हायला हवं, ते मला होत नाही. आई गेली तेव्हा झालं नाही. मनकर्णाबाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला तेव्हा झालं नाही, मी जिना उतरून खाली आलो आणि चष्म्याच्या दुकानात नव्या फ्रेमा पाहत उभा राहिलो. आत्ता हे लिहितानाही अक्षर सरळ येतं आहे. वाईट वाटायला हवं हे मला कळतं. वाटत नाही.

बायकोला वाटतं हे आईच्या जाण्यानंतरचं आहे. मी स्वतःला सांगत होतो, वय झालं, शाळेतलं सगळं गेलं, थकलो, म्हणून असं बधिर झालं. पण गेले काही दिवस मी ती १९९५ ची खोली पुन्हा पुन्हा आठवतो आहे. टेबल, तुझा चेहरा, सरांचं पाहणं, माझं हसणं. आणि त्या वेळी मला आतून काय वाटत होतं ते शोधतो आहे. भीती, लाज, हाव, काहीही चाललं असतं. सापडत नाही.

मला काळजी वाटते ती हीच, धम्मा. की मी नंतर असा झालो नाही. तेव्हाही असाच होतो.

मुकुंद